एल्डरबेरी उकळल्याशिवाय पोटात जाऊ देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात पुण्याहून माझ्या भाचीचा फोन आला. तिच्या दहा महिन्यांच्या मुलाला सर्दी झाली होती आणि ऑनलाइन मागवलेल्या वाळक्या एल्डरबेरी, म्हणजे एल्डर नावाच्या युरोपीय झुडपाची फळे, तिने मनुकांसारख्या रात्रभर पाण्यात भिजत घातल्या होत्या. सकाळी त्या मिक्सरमधून काढून मधात कालवायच्या आणि बाळाला चाटवायच्या, असा तिचा बेत होता. किती चमचे द्यायचे, एवढेच तिला माझ्याकडून हवे होते. तिने आधी विचारले, हे आमचे नशीब. पाकिटावर ‘सर्दी-खोकल्यावर नैसर्गिक उपाय’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. परंतु ही फळे शिजवल्याशिवाय खाऊ नयेत, असा एक शब्दही त्यावर नव्हता. अशी पाकिटे आता आपल्याकडच्या घरांत पोचू लागली आहेत, म्हणून गेली बारा वर्षे हॅम्बुर्गमध्ये दर सप्टेंबरात या फळांचे सिरप घरी करणारी आपली एक वाचक या नात्याने हे पत्र लिहीत आहे.

एल्डर हे युरोपात बांधांवर, पडीक जागेत आणि रेल्वेच्या रुळांकडेला आपोआप वाढणारे मोठे झुडूप आहे. जर्मनीत त्याला होलुंडर म्हणतात आणि आमच्या हॅम्बुर्गकडे त्याच्या फळांना फ्लीडरबेअर हे नाव आहे. ऑगस्टअखेरीस मिरीच्या दाण्याहून थोडी मोठी, जांभळट काळी फळे घोसाने लोंबू लागतात. इथल्या जुन्या घरांत त्यांच्या रसात सफरचंदाच्या फोडी आणि रव्याचे उंडे घालून गरम सूप करतात आणि थंडी सुरू झाली की सर्दी झालेल्या माणसाला तो रस कढत प्यायला देतात. आमच्या शेजारच्या आजींनी मला हे काम शिकवले, तेव्हा त्यांनी चुलीवर पातेले ठेवण्याआधी दोन गोष्टी बजावल्या: देठ एकही राहता कामा नये आणि उकळण्याआधी बोटसुद्धा चाटायचे नाही.

त्यामागे ठोस कारण आहे. एल्डरची पाने, देठ, न पिकलेली वा न शिजवलेली फळे आणि बिया यांत सॅम्ब्युनिग्रिन नावाचे द्रव्य असते आणि ते पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटू शकते. कडू बदाम आपण याच जातीच्या द्रव्यामुळे थुंकून टाकतो, आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्या कंदावरही याच कारणाने आधी प्रक्रिया करावी लागते. 1983 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे परगण्यात एका मेळाव्यासाठी ही फळे पाने आणि फांद्यांसकट दाबून कच्चा रस काढण्यात आला होता. तो प्यायलेल्या अकरा जणांना पंधरा मिनिटांच्या आत मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या आणि त्यांतील आठ जणांना हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले. सर्वजण बरे झाले. पण ती धडधाकट मोठी माणसे होती, दहा महिन्यांचे बाळ नव्हते. फळ वाळवले म्हणजे त्यातील दोष गेला, असे समजून चालणार नाही, आणि मिक्सरमध्ये तर बियाच फुटतात.

योग्य रीत अवघड नाही, फक्त वेळखाऊ आहे. घोस धुऊन काट्याच्या चमच्याने फळे देठांपासून ओरबाडून घ्यावीत आणि हिरवी, लालसर फळे निवडून टाकावीत. जुना कपडा अंगावर असावा, कारण याचा डाग जांभळाच्या डागापेक्षा चिवट असतो. किलोभर फळांत वाटीभर पाणी, आल्याचा तुकडा, चार लवंगा आणि दालचिनीची काडी घालून खळखळून उकळी आणावी आणि त्यानंतर निदान वीस मिनिटे शिजू द्यावे. सुरुवातीला येणारा हिरवट, उग्र वास हळूहळू जातो आणि घरभर मनुका शिजल्यासारखा गोड वास पसरतो. मग पंच्यातून रस गाळावा आणि चोथा फेकून द्यावा. लिटरभर रसाला साधारण अर्धा किलो साखर व एका लिंबाचा रस घालून पुन्हा उकळी आणावी आणि उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत कढत असतानाच भरावे. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवावी. फेस दिसला किंवा आंबूस वास आला तर मोह न धरता ओतून द्यावी. वाळकी फळेही याच पद्धतीने, पाणी वाढवून, उकळावीत. जे युरोपात राहतात आणि स्वतः फळे तोडतात, त्यांनी एवढे पाहावे की घोस खाली लोंबणारा आहे. याच कुळातील एक विषारी भाऊबंद झुडूप न होता जमिनीतून दरवर्षी नव्याने उगवतो आणि त्याचे घोस वर ताठ उभे असतात.

मधाविषयी वेगळे सांगायला हवे. एक वर्षाच्या आतील मुलाला मध चाटवण्याची आपल्याकडची जुनी रीत प्रेमापोटी आलेली असली, तरी मधातील बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. बाळाला मध, मग तो कितीही शुद्ध असो, अजिबात देऊ नये.

आता गुणाविषयी. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील 60 फ्लू रुग्णांच्या अभ्यासात सिरप घेणाऱ्यांना सुमारे चार दिवस आधी आराम पडल्याचे दिसले. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील 87 रुग्णांच्या अभ्यासात मात्र काहीच फायदा आढळला नाही. मी स्वतः ते करते, कारण घसा दुखत असताना ते गरम पाण्यातून घेतले की बरे वाटते आणि माझ्या मुलींना त्याची चव आवडते. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते, आणि ताप टिकला, धाप लागली किंवा बाळ दूध घेईनासे झाले तर सिरपच्या बाटलीकडे न वळता डॉक्टरांकडे जावे, यात मला तरी शंका नाही. मधुमेही व्यक्तींनी त्यातील साखर ध्यानात घ्यावी, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. आपल्या आरोग्य पुरवणीत घरगुती उपाय छापताना प्रमाणाबरोबरच पदार्थ किती वेळ शिजवायचा आणि तो कोणाला द्यायचा नाही, हेही त्याच चौकटीत छापावे; अडुळशाचा रस गरोदर बाईला देऊ नये, हे ज्या आजीला ठाऊक होते ती आता प्रत्येक घरात नाही. आणि अन्न व औषध प्रशासनाने अशा वाळक्या फळांच्या पाकिटांवर ‘उकळल्याशिवाय वापरू नये’ ही सूचना मराठीत, ठळकपणे छापणे विक्रेत्यांना भाग पाडावे. भाचीने तिच्या घरातल्या उरलेल्या पाकिटावर ती स्केचपेनने स्वतः लिहून ठेवली आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, हॅम्बुर्ग, जर्मनी