घड्याळ बिघडलं नव्हतं

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका गृहस्थांनी लिहिलं होतं की, टचपॅड, म्हणजे हात टेकला की घड्याळ थांबवणारी भिंतीवरची पाटी, आल्यापासून जलतरणात 'कोण पहिलं' हा वादच उरलेला नाही. पत्र वाचून आधी हसू आलं, मग थोडा रागही आला. टचपॅड मोठ्या स्पर्धांना असतात हो. दहा-बारा वर्षांची मुलं पहिल्यांदा शर्यतीला उभी राहतात, त्या तलावांच्या भिंतीला बहुतेक वेळा नुसत्या फरशा असतात आणि काठावर आमच्यासारखी माणसं, हातात स्टॉपवॉच घेऊन.

मी पेशाने गणिताची शिक्षिका. मुलगी पोहायची म्हणून तलावावर जाऊ लागले. एकदा टाइमकीपर कमी पडले, कुणीतरी माझ्या हातात घड्याळ कोंबलं, ते वीसेक वर्षं हातातच राहिलं. मुलीचं पोहणं कधीच सुटलं.

वाद म्हटला की सगळे १९६०च्या रोम ऑलिंपिकची गोष्ट सांगतात, पण अर्धवट. पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलच्या फायनलला ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन जवळजवळ एकदमच भिंतीला लागले. डेव्हिटच्या लेनवरची तिन्ही घड्याळं ५५.२. लार्सनच्या लेनवर ५५.०, ५५.१ आणि ५५.१. म्हणजे लार्सनला सगळ्यात जास्त वेळ देणारं घड्याळसुद्धा डेव्हिटच्या कुठल्याही घड्याळापेक्षा कमी वेळ दाखवत होतं. आता पंचांचं बघा. पहिला नंबर टिपणाऱ्या तिघांपैकी दोघांना डेव्हिट दिसला. दुसरा नंबर टिपणाऱ्या तिघांपैकी दोघांना दुसरा कोण दिसला? डेव्हिटच! तीन-तीन अशी मतं पडली. मुख्य पंचांनी आपला कौल डेव्हिटला दिला. तसा कौल द्यायची तरतूद नियमात नव्हती. आणि निकालाच्या कागदावर लार्सनची वेळ ५५.२ अशी लिहिली गेली. जोडीला एक यंत्रही चालू होतं, पण ते अधिकृत नव्हतं. त्याने लार्सनला सहा शतांश सेकंदांनी पुढे दाखवलं होतं. अमेरिकेने दाद मागितली, ती फेटाळली गेली.

सुवर्णपदक डेव्हिटला गेलं याचं मला फारसं काही नाही. डोळा चुकतोच. मला खटकते ती लिहिलेली वेळ. क्रमांक आधी ठरला आणि आकडा नंतर त्याच्या मापाने कापला. हे मला इतकं लागतं, कारण तेच मी स्वतः केलेलं आहे.

मुलींची ५० मीटर फ्रीस्टाइल होती, बारा वर्षांखालच्या. माझ्याकडे पाचवी लेन. शेवटच्या पाच मीटरमध्ये चौथी आणि पाचवी एका रेषेत. आमच्या तीन घड्याळांनी दिलं ३४.३१, ३४.३८, ३४.४२. तिन्ही वेगळी असली की मधली धरायची, म्हणून चिठ्ठीवर ३४.३८. पोरीने काठाला लोंबकळतच गॉगल कपाळावर सारला आणि विचारलं, "काकू, किती?" मी घड्याळ खाली करून तिला दाखवलं. शेजारच्या लेनची मधली वेळ ३४.५२ निघाली. निकालाचे पंच मात्र म्हणाले, चौथी लेन पहिली. पाच मिनिटांनी मुख्य पंच चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आले. चांगला माणूस, आवाजही चढवला नाही. "क्रमांक लागलाय, वेळ तेवढी जुळवून घ्या," म्हणाले. पुढच्या शर्यतीच्या मुली उभ्या होत्या, स्टार्टर शिट्टी देत होता. मी ३४.३८ वर काट मारली आणि ३४.५५ लिहिलं.

पोरगी फलकावर आकडा वाचून आली. टॉवेल डोक्यावर तसाच. तक्रार नाही, रडणं नाही. विचारलं एवढंच, "काकू, तुमचं घड्याळ बिघडलंय का?"

मी "हो" म्हटलं.

तिच्यावर अन्याय झाला, तीच पहिली होती, असं कुणाला वाटेल. मलाही कित्येक दिवस तसंच वाटत होतं. मग एका रात्री, पेपर तपासून झाल्यावर, त्याच कागदाच्या मागे हिशेब मांडला. तलाव ५० मीटरचा, शर्यत एकाच लांबीची, म्हणजे सुरुवातीचा बझर वाजतो पलीकडच्या टोकाला आणि आम्ही उभे अलीकडे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तो आमच्यापर्यंत यायला जवळजवळ ०.१५ सेकंद लागतो. म्हणूनच टाइमकीपरला पहिल्या दिवशी शिकवतात, आवाजावर जाऊ नका, बझरबरोबर लागणारा दिवा बघा. आता ज्याने कानावर विसंबून बटण दाबलं, त्याचं घड्याळ उशिरा सुरू झालं आणि पोहणाऱ्याला कमी वेळ मिळाला. आमचे तिघे कानावर गेले असतील आणि शेजारचे तिघे दिव्यावर, तर फरक किती पडेल? दोन लेनमध्ये निघालेला फरक होता ०.१४.

म्हणजे कोण जिंकलं हे मला माहीत नाही. शेजारच्या टाइमकीपरलाही नाही आणि उंच खुर्चीवर बसलेल्या पंचांनाही नाही. टाइमकीपर वाकून आपल्या एकाच लेनचा हात बघतो, तो नीट बघतो, पण शेजारी काय झालं ते त्याला ठाऊक नसतं. क्रमांकाच्या पंचाला दोघी दिसतात, पण बाजूने, फेसातून, आणि अलीकडच्या मुलीच्या शिंतोड्यांत पलीकडचीचा हात पाण्याखाली कधी टेकला ते दिसतच नाही. त्या दिवशी खरा निकाल एकच होता: दोघी पहिल्या. तो द्यायला कुणाचीच जीभ वळली नाही. बरोबरी जाहीर करणं म्हणजे आपल्याला दिसलं नाही अशी कबुली देणं, असं आपल्या पंचांना वाटतं.

आणि ज्या यंत्राचं त्या गृहस्थांना एवढं कौतुक, ते काय करतं बघा. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून भिंतीवर टचपॅड आले. त्यानंतर चारच वर्षांनी म्युनिकला ४०० मीटर मेडलीत, म्हणजे चारही प्रकारांनी पोहायच्या शर्यतीत, स्वीडनचा गुनार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी यांच्यात यंत्राने फरक काढला ०.००२ सेकंदाचा: ४:३१.९८१ आणि ४:३१.९८३. त्या वेगाला हे अंतर होतं जेमतेम तीन मिलिमीटर. तलाव बांधणाऱ्या गवंड्याच्या हातून दोन लेनच्या लांबीत याहून जास्त फरक सहज राहतो! मॅकी हरला तो पोहण्यात की सिमेंटात, कोण सांगणार? पुढे हजारांश भाग मोजणं सोडून दिलं आणि शतांशावर थांबायचं ठरलं. यंत्राने आणखी बारीक मोजलं असतं, माणसांनी त्याला आवरलं. तेव्हापासून शतांशापर्यंत वेळ सारखी आली की पदक दोघांना. सिडनीत २००० साली ५० मीटर फ्रीस्टाइलला अँथनी अर्विन आणि गॅरी हॉल ज्युनियर, दोघांनाही २१.९८ आणि दोघांनाही सुवर्ण. रिओत २०१६ साली १०० मीटर बटरफ्लायला अमेरिकेचा मायकेल फेल्प्स, दक्षिण आफ्रिकेचा ले क्लॉस आणि हंगेरीचा चेह या तिघांची वेळ ५१.१४, तिघांनाही रौप्य, आणि कांस्य कुणालाच नाही. कुणाचं काही अडलं नाही.

शिवाय पॅडला नुसता स्पर्श पुरत नाही, रेटा लागतो, नाहीतर लाटेनेही तो वाजला असता. बीजिंगला २००८ साली १०० मीटर बटरफ्लायला सर्बियाचा मिलोराड चाविच हात ताणून तरंगत आला, फेल्प्सने अर्धा हात जास्त मारून पॅडवर धडक दिली, आणि ५०.५८ विरुद्ध ५०.५९ असा निकाल लागला. सर्बियाने तक्रार केली, चित्रं थांबवून थांबवून तपासली गेली, निकाल कायम राहिला. मला तो पटतो. पॅड कसा वाजतो ते दोघांनाही आधीपासून माहीत होतं. तसं आमच्या पोरींना काय माहीत असतं? घड्याळ आणि डोळा यांचं पटलं नाही तर कुणाचं ऐकणार, हे शर्यतीआधी त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

तेव्हा त्या गृहस्थांना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. पॅड परवडत नसतील तर राहू द्या. प्रत्येक लेनच्या तिन्ही घड्याळांचे आकडे फलकावर लावा, नुसती मधली वेळ नको. टाइमकीपरची चिठ्ठी एकदा दिली की ती बदलायचा अधिकार कुणालाही नको, मुख्य पंचालाही नको. घड्याळं एक सांगत असतील आणि डोळे दुसरं, तर दोघींना पहिलं द्या. एक पदक जास्तीचं करून ठेवा, तेवढाच खर्च. आणि टाइमकीपरने चिठ्ठीवर खाडाखोड केलीच, तर चिठ्ठी तशीच फलकाला टाचा, खाली त्याच्या सहीसकट.

आपली वाचक,
एक जुनी टाइमकीपर