तांबेऱ्याबरोबर ओझोनचीही चाचणी घ्या

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मी निफाड तालुक्यातली. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि घरच्या रानात रब्बीला गहू असतो. म्हणून हे पत्र.

गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातून, उन्हाच्या जोरावर, जमिनीलगत ओझोन तयार होतो. वाऱ्यासोबत तो शहर सोडून शिवारात येतो. पानाच्या रंध्रांतून आत शिरला की पान त्याला रोगच समजतं! बुरशीचा हल्ला झाल्यावर जी जनुकं जागी होतात, त्यांतली बरीचशी ओझोननेही जागी होतात. इथिलीन आणि सॅलिसिलिक आम्ल ही धोक्याचा इशारा देणारी रसायनं वाढतात, रोगाशी लढणारी प्रथिनं बनू लागतात, संसर्ग अडवावा तशा काही पेशी स्वतःहून मरतात. त्याच वेळी रुबिस्को, म्हणजे हवेतला कार्बन धरणारं विकर, बनवणारी जनुकं मंदावतात. नसलेल्या रोगाशी लढण्यात दाण्यात उतरायचं अन्न खर्ची पडतं. शेतकऱ्याला यातलं काही दिसत नाही. तो खत कमी पडलं म्हणतो, नाहीतर पाण्याला दोष देतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली हिशोब मांडला. २००५ या एका वर्षात देशाचा अंदाजे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ ओझोनने बुडाला. सुमारे ९.४ कोटी लोकांचं पोट भरेल इतकं हे धान्य.

साहेब, उपाय बियाण्यातही आहे. ओझोनने पानं कमी करपावीत असा गुण भाताच्या ९व्या गुणसूत्रावर सापडला आहे, तोही आपल्या उपखंडातल्या ‘कसलाथ’ या जुन्या वाणातून आलेला. रंध्रं मिटवायला लागणारं ‘स्लॅक१’ हे जनुक २००८ साली हाती लागलं, ते ओझोन न सोसणाऱ्या रोपांचा माग काढतानाच. गव्हाच्या जुन्या वाणांत काय दडलंय, ते आपण शोधायला हवं. जास्त उताऱ्यासाठी निवडलेल्या वाणाची रंध्रं जास्त उघडी राहत असतील, तर तो विषही जास्त ओढणार.

नवा वाण देताना तांबेरा हा बुरशीचा रोग पाहतात, उतारा पाहतात, चपातीची प्रत पाहतात. त्यात ओझोनही धरा. निफाडच्या गहू संशोधन केंद्रात वरून उघडे कक्ष उभारून, जुने-नवे वाण शेजारी शेजारी लावून तपासायला निधी द्या. आणि येत्या पेरणीआधी ओझोन मोजणारं एक यंत्र शहराच्या चौकात नव्हे, गव्हाच्या रानात बसवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, निफाड