भाटघरच्या काठावरच्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवणार आहे, तसं तिनं कबूल केलंय. तुमचं आणि गावाचं नाव मी मुद्दाम घातलेलं नाही. निघताना तुम्हीच म्हणालात, "ताई, सांगा लोकांला, पण एकदम धा गाड्या नका धाडू." म्हणून नाव फक्त धरणाचं. आभार मात्र मला चारचौघांत मानायचेत. आमच्याशी वाईट वागलेल्या माणसांबद्दल मी गेलं वर्षभर चारचौघांतच बोलत आले, मग तुमच्याबद्दल खासगीत का बोलू?

बाबांचं थोडं सांगते. तुमच्याशी ते दोन तास बोलले, पण हे काही त्यांनी सांगितलं नसणार. आई गेल्यापासून त्यांची झोप उडाली होती. रात्री दोन-अडीचला उठायचं, गॅलरीत येऊन बसायचं, खालून जाणाऱ्या गाड्या बघायच्या. एकदा सहज म्हणाले, "कुठंतरी पाण्याच्या कडेला झोपायचंय. उघड्यावर. जिथं कुणी बोलत नाही." बाबा आयुष्यात कधी काही मागत नाहीत, त्यामुळे ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. माझ्याकडे जुनी जिप्सी आहे, फोर बाय फोर. पुण्याच्या आजूबाजूला धरणं काय कमी आहेत? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, मुळशी, पवना. मला वाटलं, एवढ्या पाण्यात बाबांपुरता एक शांत काठ सहज मिळेल.

मिळाला नाही. एका तलावाकाठच्या कँपवाल्यानं फोनवर "एकदम शांत, फॅमिली क्राउड" असं सांगून पैसे आधी भरून घेतले. तिथं ओळीनं तंबू, मधोमध स्पीकर आणि रात्री एकपर्यंत गाणी. आवाज थोडा कमी करा म्हणायला गेले, तर तो पोरगा बाबांच्या तोंडावर म्हणाला, "काकांना शांतता पाहिजे तर घरी झोपवायचं ना." बाबा काही बोलले नाहीत. तंबूत जाऊन कानावर उशी घेऊन पडून राहिले. हे मी त्या पोराला कधी माफ करणार नाही.

दुसरे भेटले ते ऑफ-रोडवाले एक गृहस्थ. त्यांनी मोठ्या दिमाखात लोकेशन पाठवलं. गेलो तर तिथं कुणाच्या तरी शेताचं कुलूपबंद फाटक, आणि आत उभा माणूस आमच्यावर खेकसतोय, कारण आमच्या आधी तसेच कित्येक जण त्याच्या बांधावरून गेलेले. गृहस्थांना फोन केला, तर म्हणाले, "ज्याला जमतं तो शोधतो." जागा ठाऊक असणं ही त्यांना मिरवायची गोष्ट वाटते. दुसऱ्याला तिथं नीट पोचवणं ही आपली जबाबदारी आहे, हे त्यांच्या मनातही येत नाही.

अशा दिवसांनंतर आम्ही तुमच्याकडे आलो, मामा. कापूरहोळला वळून भोरच्या बाजूला आलो आणि धरणाच्या कडेकडेनं आत शिरलो. माघ संपत आला होता, पाणी बरंच खाली गेलेलं. तुम्ही गोठ्यापाशी उभे होतात. मी गाडी थांबवून विचारलं, "मामा, पाण्यापर्यंत गाडी जाईल का?" तुम्ही आधी गाडीकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि म्हणालात, "जाईल. पन मी म्होरं चालतो."

तुम्ही आमच्यावर संशय घेतला असतात तरी मी समजू शकले असते. तुमच्या हरभऱ्यातून गेलेल्या टायरच्या चाकोऱ्या मी नंतर पाहिल्या. आदल्या आठवड्यातल्या कुणाच्या तरी. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेरीच्या जमिनीवर चार महिन्यांत एक पीक निघतं, आणि पावसाळ्यात तोच तुकडा पुन्हा पाण्याखाली जातो. शहरातून येणाऱ्याला ती नुसती मोकळी जागा दिसते. तुमच्या आजोबांची जमीन याच पाण्याखाली गेली, असं तुम्ही बाबांना सांगत होतात. ब्रिटिशांच्या काळातलं धरण, साडेतेवीस टीएमसीचं. त्याचं पाणी खाली बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या उसाला जातं. तुमच्या वाट्याला उरतो तो उन्हाळ्यातला गाळ, आणि त्यावरूनही कुणीतरी गाडी घालतो. तरी तुम्ही आमच्यासाठी काठी उचललीत.

त्या उतारावर तुम्ही जे शिकवलंत ते गाडी चालवायला शिकवणाऱ्यांपैकी कुणी मला सांगितलं नव्हतं. मी टायरची हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवली, फोर लो, म्हणजे चारही चाकांना सावकाश पण जास्त जोर देणारा गिअर, टाकला, पहिल्या गिअरमध्ये ब्रेकला पाय न लावता उतरायची तयारी केली. हे मला येतं. पण उतरायचं कुठून, हे गाडीला कळत नाही. तुम्ही म्हणालात, "गाई-बैलं उतरत्यात तितनं उतरा. म्हस उतरती तितनं नगं." मी बघत राहिले. गाय पाणी प्यायला जाते, ती घट्ट जमीन धरून जाते. म्हैस लोळायला जाते, ती चिखल शोधत जाते. दोन्ही वाटा शेजारी-शेजारी होत्या, आणि म्हशीची वाट दिसायला जास्त रुंद, जास्त सपाट. मी एकटी असते तर तीच धरली असती. तुम्ही पुढे चालत होतात, दर चार पावलांवर टाच मारत. जिथं भेगा रुंद तिथं गाळ खोलवर वाळलेला. जिथं बारीक भेगा आणि रंग काळपट, तिथं वर पापडी आणि आत चिखल. एके ठिकाणी तुम्ही काठी टोचलीत तर ती कोपरभर आत गेली, आणि वरून ती जागा अगदी अंगणासारखी दिसत होती.

तंबू पाण्यापासून बराच वर लावायला लावलात. आता पाणी मागंच जातंय, पण पावसाळ्यात एका रात्रीत चढतं, तेव्हा काठावर कधी झोपायचं नाही, हेही बजावलंत. वाळलं गवत होतं तिथून स्टोव्ह उचलून खडकावर ठेवलात, वणव्याच्या भीतीनं. दूध दिलंत, त्याचे पैसे घेतलेत, तेही डेअरीच्या भावानं. मला ते फार बरं वाटलं. आम्हाला ना लुटलंत, ना उपकाराखाली ठेवलंत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते सांगते.

बाबा कुठंही गेले की आधी बाहेर पडायची वाट विचारून ठेवतात. नाट्यगृहात, लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, घर नारायण पेठेत, नदीपासून जवळ. आजोबांनी त्यांना खांद्यावर घेऊन पर्वतीचा रस्ता धरला. घर गेलं. पुढं सगळे सहकारनगरला राहायला गेले. त्या सकाळबद्दल बाबा फार बोलत नाहीत, पण वाट विचारायची सवय तिथलीच. म्हणून संध्याकाळी त्यांनी तुम्हाला विचारलं, "रात्री निघायचं झालं तर कुठून?" तुम्ही काठीनं दाखवलंत. बाबांनी मान डोलावली. मला माहीत होतं की अंधारात ते त्यांना आठवणार नाही, आणि ते जागेच राहणार.

आम्ही जेवत होतो तेव्हा तुम्ही घरी गेला असाल असं मला वाटलं. थोड्या वेळानं टॉर्च घ्यायला गाडीपाशी गेले, तर गाडीच्या पुढच्या चाकापासून एक पांढरी रेघ निघालेली. चुलीतली राख. तुम्ही घमेलं भरून आणली होतीत आणि आमच्या तंबूपासून पार वरच्या मातीच्या रस्त्यापर्यंत ओतत गेला होतात, गाईच्या वाटेनं. जिथं वळण होतं तिथं राखेच्या दोन्ही बाजूंना एकेक दगड. म्हशीच्या वाटेच्या तोंडाशी आडवं एक बाभळीचं काटं. तुम्ही वरून परत येत होतात, हात कोपरापर्यंत पांढरे. म्हणालात, "अण्णांनी इचारलं ना मघाशी. दिव्यात दिसंल ही. मला उठवायची पन गरज न्हाई."

मामा, बाबांनी टॉर्च घेतला आणि चपला घालून त्या रेघेवरून वरपर्यंत चालत गेले. दगडापाशी थांबले, टॉर्च फिरवला, पुढं गेले. रस्त्यावर उभं राहून खाली तंबूकडे पाहिलं. परत आले, काही न बोलता पांघरूण घेतलं आणि झोपले. मी जागी होते, कारण त्यांच्या श्वासाची लय मला ऐकायची होती. मध्येच एक टिटवी ओरडली तरी ते हलले नाहीत. सकाळी ऊन तंबूवर आलं तेव्हा त्यांना मी उठवलं. आई गेल्यानंतरची ही त्यांची पहिली पुरी झोप.

ती राख ओतायला तुम्हाला अर्धा तास लागला असेल. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसानं प्रश्न विचारला, त्यामागची भीती तुम्हाला ऐकू आली, आणि "काही होत नाही हो" असं म्हणून तुम्ही ती उडवून लावली नाहीत. आम्ही सगळे तेच म्हणत आलो होतो. डॉक्टर, नातेवाईक, मीसुद्धा. धीर देणारे पुष्कळ भेटले. बाबांना हवी होती वाट.

चांगुलपणाबद्दल आपल्याकडे फार मोठमोठं बोललं जातं. मला त्यातला जो भाग खरा वाटतो तो असा: समोरच्याची गरज त्याच्याच मापानं मोजता येणं. त्या कँपवाल्याकडे जनरेटर होता, रंगीत दिवे होते, पाण्यापर्यंत फरशी होती. त्या गृहस्थांकडे लाखोंची गाडी आणि अडकलेली गाडी ओढून काढायचा विंच होता. तुमच्याकडे चुलीतली राख होती. बाबांना काय लागतंय याचा विचार फक्त तुम्ही केलात. अशी माणसं गावोगाव असणार, याची मला आता खात्री वाटते, आणि अनोळखी दारात गाडी थांबवून विचारायची भीती गेली आहे.

कुणी मला शांत तलावकाठ विचारला की मी आता लोकेशन पाठवत नाही. गाडी गावात लावा, पायी उतरा, तिथल्या माणसाला विचारा, गुरं कुठून उतरतात ते बघा, गाळपेरीत चाक घालू नका, एवढं सांगते. ज्याला एवढं करायचं नाही त्यानं यायचं कशाला?

बाबा विचारतायत, कांबरेश्वराचं देऊळ यंदा पाण्याबाहेर कधी येईल? तुम्ही म्हणाला होतात की पाणी पार तळाला गेलं की दिसतं. तेव्हा येतो आम्ही, नातीला फोन करायला सांगा. बाबांनी तुमच्यासाठी एक चांगला टॉर्च घेऊन ठेवलाय, रात्री गोठ्यात जायला. नको म्हणू नका, तुम्ही दुधाचे पैसे घेतलेत तसाच हाही घ्या. आणि पुढच्या वर्षी हरभरा उपटायच्या आधी कळवा. दोन माणसं जास्तीची धरा.

तुमची,
जिप्सीवाली ताई
पुणे