पुराच्या पाण्याला ‘जुनी ओल’ ठरवणाऱ्या सर्व्हे अहवालाबद्दल तक्रार

चिपळूण, ऑक्टोबर २०२१

प्रति,
प्रमुख, दावा विभाग (गृहविमा)

विषय : २२ जुलै २०२१ च्या पुरातील भिंतींच्या नुकसानीचा दावा नामंजूर केल्याबाबत

महोदय,

आपले पत्र मिळाले. फ्रिज आणि कपाटांचे पैसे मंजूर, भिंतींचे नामंजूर. कारण काय, तर ‘भिंतींना लागलेला लोणा ही देखभालीअभावी मुरलेली जुनी ओल आहे.’

आमचे घर जांभ्या चिऱ्याचे आहे. चिरा पाण्यात बुडाला की पोटभर पाणी पितो आणि सोडायला महिने लावतो. आतले पाणी क्षार घेऊन बाहेर येते, पुट्टी फुगते, पापुद्रे सुटतात, पांढरी भुकटी झडते. हाच लोणा. म्हणजे तो पूर ओसरल्यावर काही आठवड्यांनीच दिसणार, आणि आपले सर्व्हेअर आले तेही नेमके तेव्हाच.

गच्ची गळत असती तर ओल वरून उतरली असती. इथे सगळ्या भिंतींवर एकाच उंचीला मातकट रेघ आहे, वरचा रंग जसाच्या तसा. मधल्या भिंतीला ना पाऊस लागतो, ना तिच्यातून नळ जातो; रेघ तिच्यावरही आहे. स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड उघडला तर मागे वाशिष्ठी नदीचा गाळ अजून घट्ट बसलेला आहे. जुन्या ओलीतून गाळ कसा येतो, हे अहवालात कुठेच नाही. सर्व्हेअरसाहेबांनी हॉलमधूनच मोबाइलवर फोटो काढले, आतल्या खोलीत ते गेलेच नाहीत.

दावा उशिरा कळवल्याचा शेराही आहे. त्या दिवसांत चिपळुणात वीज नव्हती, फोन लागत नव्हते. कळवायचे कसे होते?

गाळ काढण्याच्या मजुरीचा तर उल्लेखही नाही. भारत गृह रक्षा पॉलिसीत राडारोडा हलवण्याचा खर्च दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत धरलेला आहे. पॉलिसी आपलीच आहे, एकदा वाचून पाहावी.

सर्व्हे अहवालाची प्रत द्यावी आणि दुसऱ्या सर्व्हेअरकडून फेरपाहणी करावी. तलाठ्यांचा पंचनामा आणि रेघेचे फोटो सोबत जोडले आहेत. महिन्याभरात समाधानकारक उत्तर न आल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन.

प्लास्टर खरवडल्याशिवाय चिरा सुकणार नाही, आणि खरवडले तर पुरावा नाही म्हणून आपण हात वर कराल. तेव्हा फेरपाहणीची तारीख आधी कळवावी.

आपली,
विमाधारक