बल्ब बदलण्याआधी वायरिंग तपासा

मा. संपादक,
स. न.

आपल्या दैनिकाच्या कालच्या पुरवणीत जुन्या मोटारींच्या हेडलाईटविषयी जो लेख छापला आहे, तो वाचून मला फार चीड आली आणि ती झाकून हे पत्र लिहिणे मला जमणार नाही. हॅलोजन बल्ब काढावा, त्याच दिव्यात एलईडी बल्ब बसवावा आणि निश्चिंत व्हावे, असा सल्ला लेखकाने सरसकट सगळ्यांना देऊन टाकला आहे. समोरून येणाऱ्या माणसाला त्या उजेडात काय दिसेल, याविषयी संपूर्ण लेखात एक ओळ नाही. मोहोळ किंवा मंगळवेढ्याच्या रस्त्याने रात्री गाडी चालवणारा कोणीही सांगेल की, असे दिवे समोर आले की काही क्षण रस्त्याची कडा, सायकलवाला आणि पायी चालणारा माणूस, यांपैकी काहीच दिसत नाही.

जुन्या गाड्यांत बहुधा एच-फोर जातीचा ६०/५५ वॅटचा (अप्परला ६०, डिप्परला ५५) हॅलोजन बल्ब असतो. त्यात अप्परची, म्हणजे लांबच्या झोताची, आणि डिप्परची, म्हणजे खाली पडणाऱ्या जवळच्या झोताची, अशा दोन फिलामेंट (तापून उजळणाऱ्या तारा) असतात. डिप्परच्या फिलामेंटखाली पत्र्याची बोटाच्या पेराएवढीही नसलेली वाटी असते आणि सगळी करामत त्या वाटीत आहे. खाली जाणारा प्रकाश ती अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत आरशाच्या, फक्त वरच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडतो आणि तिथून तो खाली रस्त्यावर फेकला जातो. रिफ्लेक्टरची खोली आणि भिंगावरच्या रेघा त्या फिलामेंटची नेमकी जागा धरूनच ठरवलेल्या असतात. एलईडी बल्बमध्ये फिलामेंटच्या ऐवजी सपाट पट्टीच्या दोन्ही अंगांना चिप्स चिकटवलेल्या असतात. त्यांची जागा, जाडी आणि दिशा फिलामेंटशी तंतोतंत जुळत नाही, आणि थोडा फरक पडला तरी प्रकाश वर आणि बाजूला फाकतो. गाडीच्या नाकासमोरचा तुकडा लख्ख उजळतो, म्हणून चालवणाऱ्याला वाटते की काम झाले. पण जवळच्या त्या झगमगाटाला डोळे सरावले की लांबचे उलट कमी दिसू लागते. संपूर्ण दिवाच एलईडीसाठी घडवलेला असेल तर त्याला माझी हरकत नाही. माझी हरकत हॅलोजनच्या घरात एलईडी कोंबण्याला आहे.

आता मुख्य गोष्ट. जुन्या गाडीचा उजेड मंद का होतो, हा प्रश्नच लेखकाला पडलेला नाही. माझ्याकडे वडिलांच्या वेळची ॲम्बेसेडर आहे, सात इंची गोल दिव्यांची आणि काचेच्या भिंगांची. मागच्या हिवाळ्यात तिचा उजेड इतका पिवळा आणि मरगळलेला पडू लागला की रात्री तुळजापूरला जाण्याचे मी टाळू लागलो. गाडी शहरातल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात नेली, तर तिथल्या माणसाने बॉनेटही न उघडता एलईडीची जोडी काउंटरवर आणून ठेवली. मी म्हटले, आधी होल्डरपाशी व्होल्टेज किती येते ते मोजा. त्यावर तो म्हणाला, "काका, एवढ्या जुन्या गाडीत काय मोजायचे? वायरिंग ठीकच असणार." ज्याला मीटर लावायची इच्छा नाही त्याने वायरिंग ठीक असल्याची ग्वाही कशाच्या जोरावर द्यावी? मी तिथून गाडी काढली आणि एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली.

त्यांनी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर धरला, तेव्हा काटा १३.८ व्होल्टवर होता. तोच मीटर पेटलेल्या बल्बच्या होल्डरवर धरला तर ११.४. मधले जवळपास अडीच व्होल्ट वाटेतच मुरत होते. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, तो कितीतरी वेगाने घसरतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झाले की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. एच-फोरच्या डिप्परचा १००० ल्युमेनचा (ल्युमेन हे प्रकाश मोजण्याचे एकक) आकडा १३.२ व्होल्टवर धरलेला असतो, त्या हिशेबाने माझ्या बल्बमधून ६०० च्या आसपासच प्रकाश बाहेर पडत होता. नळाला पाणी करंगळीएवढे येते म्हणून सोलापुरात कोणी तोटी बदलत नाही, पाइप कुठे बुजला आहे ते पाहतो. इथेही तेच होते. डॅशबोर्डच्या स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडले होते, पायाजवळच्या डिप्पर स्विचमध्ये धूळ भरली होती आणि हेडलाईटची अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा स्क्रू गंजून सुटत आला होता.

इलेक्ट्रिशियननी अर्थिंगची जागा पत्रा चमकेपर्यंत घासली, बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर पुढे आणली आणि अप्परला एक, डिप्परला एक असे दोन रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, बसवले. दोन्ही दिव्यांचा मिळून नऊ-दहा अँपिअरचा करंट आता रिलेतून जातो आणि जुन्या स्विचवर फक्त रिले ओढण्यापुरता भार राहतो. बल्ब तेच ६०/५५ चे राहिले. उजेड मात्र ओळखू येऊ नये इतका सुधारला, आणि हे सगळे एलईडीच्या त्या जोडीपेक्षा कमी पैशांत झाले.

लेखात १००/९० चा बल्बही सुचवला आहे. वायरिंग न बदलता तो घातला तर होल्डर वितळू शकतो आणि रिफ्लेक्टरचा मुलामा जळू शकतो. प्लास्टिकच्या भिंगाला टूथपेस्ट लावण्याचा उपायही तात्पुरता आहे. ओल्या पॉलिशपेपरने घासून, पॉलिश करून वर यूव्ही कोटिंग (उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारा थर) दिले नाही तर भिंग पुन्हा पिवळे पडते.

फोकस सेट करण्याबद्दल तर अवाक्षरही नाही. भिंतीपासून दहा मीटरवर सपाट जागी गाडी उभी करावी, चालकाच्या जागी माणूस बसवावा आणि डिप्परच्या झोताची वरची कड बल्बच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली आणावी. कोणत्याही गॅरेजसमोर होणारे हे काम आहे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून झोत डावीकडे किंचित वर चढलेला असतो. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला दिवा इथे लावला तर तोच चढ थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ हा याच डोळ्यांच्या रक्षणासाठी आहे. पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा, असे तो बजावतो. पुरवणीतल्या लेखाने वाचकांना हा नियम मोडण्याचाच मार्ग दाखवला आहे.

लोक जास्त उजेडाच्या मागे का लागतात, हेही मला कळते. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि लाल रिफ्लेक्टर असलाच तर तो चिखलाने किंवा लोंबणाऱ्या उसाने झाकलेला असतो. अशी ट्रॉली अचानक समोर उभी राहिली की काळजाचा ठोका चुकतो. साखर कारखान्यांनी वजनकाट्यावर येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टरची पट्टी लावल्याशिवाय आत घेऊ नये. हे साधे काम हंगामाच्या पहिल्या दिवसापासून झाले पाहिजे आणि आपल्या वार्ताहरांनी त्याचा पाठपुरावा केला पाहिजे.

आपले दैनिक आमच्या घरी अनेक वर्षे येते आणि त्यात छापलेले वाचून लोक खरोखर दुकानात जातात. म्हणून येत्या पुरवणीत, त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळकपणे या लेखाची दुरुस्ती छापावी, आणि ती लिहिण्याआधी एखाद्या अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनला हेडलाईटच्या होल्डरवर मीटर लावून दाखवायला सांगावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक
होटगी रोड, सोलापूर