कडी बसवून गेलेल्यांचे आभार

आमच्या धडगाव तालुक्यातल्या शाळेत मुलींच्या संडासाला दार होतं, आतून कडी नव्हती. पाळी आली की पोरी चार-चार दिवस घरी बसायच्या. दिवाळीच्या सुट्टीत कुणीतरी कडी बसवली, झाकणाची बादली ठेवली आणि न सांगता गेलं. कोण, ते अजून कळलं नाही. तुमचे मनापासून आभार.

बचत गटाच्या ताईंनो, २०१८ साली अस्मिता योजनेत मुलींना ८ पॅडचं पाकीट ५ रुपयांत मिळू लागलं, तेव्हा ती पाकिटं डोंगर चढून तुम्हीच आणलीत. आशाताई, कापड उन्हात वाळवायचं हे तुम्ही मुलींबरोबर आयांनाही पटवलंत, आणि तेच सगळ्यात अवघड होतं.

परवा सातवीतली एक मुलगी वर्गात उठून म्हणाली, "बाई, पॅड द्या." मान वर ठेवून.