ओठ नाहीत, मग नावात 'प' कुठून?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या विज्ञानकथा मी आवडीने वाचतो. यानाचा वेग, ग्रहाचे गुरुत्वाकर्षण यांचा लेखक बारकाईने विचार करतात. पण परग्रहवासी स्वतःचे नाव सांगू लागला की सगळे मुसळ केरात. 'झ', 'क्ष', 'ट्र' एकमेकांवर आदळले की झाले नाव! ते त्याला स्वतःला तरी उच्चारता येईल का, हे कुणी पाहतच नाही.

याची कसोटी आपण शाळेतच शिकलो आहोत. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य : कोणते व्यंजन तोंडात कुठे घडते, ते वर्णमालाच सांगते. मग ज्याला ओठ नाहीत, मुंगीसारखे जबडे आहेत, त्याच्या नावात प, फ, ब, भ, म येतील कसे? आणि तो पंख घासून किंवा अंगाचा रंग बदलून बोलत असेल, तर अख्खी बाराखडीच बाद. अशा वेळी नाव माणसानेच ठेवावे. टेड चियांग यांच्या 'स्टोरी ऑफ युअर लाइफ' (१९९८) या कथेत सात पायांच्या पाहुण्यांचे बोलणे माणसाच्या गळ्यातून निघत नाही, म्हणून त्यांना 'फ्लॅपर' आणि 'रास्पबेरी' ही टोपणनावे मिळतात. एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१८९८) या कादंबरीत तर मंगळवासीयांना नावेच नाहीत, आणि त्यांची दहशत त्याने तसूभरही कमी होत नाही.

नाव द्यायचेच, तर त्यामागे रीत हवी. 'अवतार' (२००९) चित्रपटासाठी भाषाशास्त्रज्ञ पॉल फ्रॉमर यांनी त्यातल्या परग्रहवासीयांची 'नावी' भाषा रचली, तिच्यात ब, ड, ग हे ध्वनी ठेवलेच नाहीत. नेतिरी, मोआत, एयतुकान ही नावे ऐका. नियम ठाऊक नसला तरी ती एका कुळातली वाटतात. एडगर राइस बरोज यांनी त्याच्या कितीतरी आधी याहून मोठी गोष्ट साधली होती. त्यांच्या कादंबऱ्यांतल्या मंगळावरचे हिरवे योद्धे, मारलेल्या सरदाराचे नाव स्वतः धारण करतात. पृथ्वीवरून गेलेला जॉन कार्टर दोघांना मारतो आणि 'दोतार सोजात' होतो. त्या समाजात मान कशाने मिळतो, हे त्या एका नावातून कळते. पानभर वर्णनाने ते साधले नसते.

मला सर्वांत खटकते ते निराळेच. दुष्ट परग्रहवासी म्हटला की नावात 'क्र', 'ग्र', 'ड्ढ'. सज्जन असेल तर ल, य, न. ज्यांचे उच्चार कठोर, ते लोकही क्रूर, हा माणसांमाणसांतला जुना पूर्वग्रह आपण असा थेट आकाशात पोचवतो. आपली मराठी तर ट, ठ, ड, ढ, ळ यांनी भरलेली आहे. परक्या कानांनी एवढ्यावरून आपल्याला राक्षस ठरवले, तर आपण ते मान्य करू का? निदान मुलांसाठी छापायच्या कथांत तरी अशी नावे आली, तर लेखकांकडून ती बदलून घ्यावीत, ही कळकळीची विनंती.

आपला,
विज्ञानकथांचा एक वाचक